नंतर आठवण करा

“‘बघू’ म्हटलं म्हणजे ‘येते’ म्हटलं का हो मी?”

दातांच्या दवाखान्यात, भिंतीलगतच्या बाकावर बसून ग्रंथपालबाई शेजारच्या सरांपाशी कुरकुरत होत्या. आपण कुजबुजतोय असा त्यांचा समज होता. पण जन्म वाचनालयात ‘शू’ करण्यात गेलेल्या माणसाची कुजबुजही टोकदार होते. काउंटरच्या काचेपलीकडे बसलेल्या काकूंना शब्द न् शब्द ऐकू येत होता.

“मेसेज आला, दात तपासून बरेच दिवस झाले, येता का. मी लिहिलं, बघू. संपलं ना? कुठलं! लगेच उत्तर, ‘आपली वेळ पक्की केली आहे.’ मग आठवण. मग आठवणीची आठवण. आज सकाळी तर इथं कसं यायचं त्याचा नकाशा पाठवला. माझं स्वयंपाकघर दिसतं हो इथल्या खिडकीतून!”

“तुमचं बरंच म्हणायचं,” सर म्हणाले. “मला कळवलंय, दात काढलाय तेव्हा कडक काही चावू नका.”

“बरोबर आहे की मग. नका चावू.”

सरांनी उत्तरादाखल वरची कवळी जिभेनं खाली सरकवून दाखवली आणि पुन्हा जागच्या जागी बसवली. त्यांच्या तोंडात काढण्यासारखा दात उरला नव्हता, त्यालाही जमाना झाला होता.

काकूंनी फोन उचलल्याचं नाटक करून हसू लपवलं. सरांच्या बाबतीत थोडा दोष त्यांचाही होता. सर म्हणजे मोठ्या डॉक्टरांचे जुने मित्र. कवळी टोचते म्हणून यायचे आणि आत गप्पा मारत बसायचे. परवा दोघांच्या हसण्यानं दवाखाना दणाणला, तेव्हा काकूंनी धाकट्या डॉक्टरांना, म्हणजे मोठ्या डॉक्टरांच्या लेकीला, मेसेज केला होता: ‘बाबा आणि सर आत बसून दात काढताहेत. पुढचा पेशंट तुम्ही घेता का?’ तो मेसेज शहाण्यानं वाचला. त्यानं सरांच्या नावापुढे दात काढल्याची नोंद केली, काय खावं काय नको ते कळवलं आणि जखम भरेपर्यंत त्यांची पुढची भेट रद्द करून टाकली. सर तरीही आलेच होते.

शहाणा म्हणजे दवाखान्याच्या संगणकात नवीनच आलेला मदतनीस. हाडामांसाचा नव्हे. विचारलं तर बोलणारा, सांगितलं तर काम करणारा आणि न सांगताही बरंच काही उरकणारा. दवाखान्याला सुट्टी होती त्या दिवशी धाकट्या डॉक्टरांनी काउंटरवर ठाण मांडून त्याला आणला. आणला म्हणजे जोडला.

“याला करायचं काय असतं?” काकूंनी विचारलं होतं.

“काही नाही काकू. एकेक गोष्ट जोडत जायची. मग तो आपलाआपण सगळं बघतो. तुमचा फोनवर घसा कोरडा पडायचा थांबेल.”

पडद्यावर प्रश्न उमटत गेले. वेळापत्रक बघू का? मेसेज वाचू का? पाठवू का? फोनमधले नंबर? एक्स-रे जिथे साठवलेत ती ऑनलाइन जागा? कॅप आणि कवळ्या बनवून देणाऱ्या लॅबचं खातं? प्रत्येक प्रश्नाला धाकट्या डॉक्टर ‘परवानगी आहे’ वर बोट ठेवत होत्या.

“उंबऱ्यातून आत आला नाही तोवर सगळ्या कपाटांच्या किल्ल्या मागतोय की हा,” काकू म्हणाल्या. “मोठा शहाणाच दिसतोय.”

नाव तिथंच पडलं. सगळ्यात शेवटी धाकट्या डॉक्टरांनी मोठ्या डॉक्टरांचा फोनही त्याला जोडला. जोडताना त्यांचं बोट जरासं थबकलं होतं. “बाबांनाही कळायला हवं ना, कोण कधी येतंय ते,” त्या म्हणाल्या. काकू म्हणाल्या, “हवं तर खरं.” आणि मग दोघींनी एकदमच दुसरीकडे बघितलं.

आता त्या दोघी दुसरीकडे का बघत होत्या ते सांगायचं तर आधी काकूंचं सांगायला हवं.

काकू या काउंटरवर आल्या तेव्हा त्यांचे केस काळे होते आणि आत एकच खुर्ची होती. मोठे डॉक्टर त्यांच्याहून वयानं मोठे, तरी पेशंटांचं ऐकून तेही त्यांना काकूच म्हणू लागले. धाकट्या डॉक्टर त्या वेळी खरोखरच धाकट्या होत्या आणि याच काउंटरखाली पाय पसरून गृहपाठ करायच्या. आजही काकू पेशंटांसमोर तिला ‘डॉक्टर’ म्हणत आणि दार लागलं की ‘अगं’. काकूंचं काम दिसायला सोपं होतं: कुणी कधी यायचं आणि कुठल्या खुर्चीवर बसायचं, ते सांगणं. पण फोनवर नुसतं ‘हॅलो’ ऐकून त्या ओळखत, याची दाढ ठणकतेय की याला फक्त भीती वाटतेय. ठणकणाऱ्याला लवकर बोलवायचं आणि घाबरणाऱ्याला थेट मोठ्या डॉक्टरांच्या पुढ्यात बसवायचं.

कारण भूल देण्यात मोठ्या डॉक्टरांचा हात कुणी धरू शकत नसे. सुई आत जायची, बाहेर यायची आणि पेशंट विचारायचा, “कधी देणार?”

गेल्या वर्षी कधीतरी एका दुपारी काकू चहा घेऊन आत गेल्या. डॉक्टरांनी बशी हातात घेतली आणि बशीवर कप वाजू लागला. अगदी बारीक किणकिण. डॉक्टर एक्स-रेकडे बघत राहिले, काकू खिडकीकडे. चहा मात्र बशीत सांडला.

दुसऱ्या दिवशी काकूंनी सगळ्यांना मगमधून चहा दिला.

“बशा कुठं गेल्या?” डॉक्टरांनी विचारलं.

“फुटल्या.”

“सगळ्या?”

“ट्रेच सुटला हो माझ्या हातातून.”

डॉक्टरांनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि ते “बरं” म्हणाले. मग दोन्ही हातांनी धरलेला मग त्यांनी तोंडाला लावला.

त्यानंतर काकूंनी वेळापत्रकातही बशा हलवायला सुरुवात केली. दाढ काढायची असली, रूट कॅनल असलं, टाका घालायचा असला की पेशंट धाकट्या डॉक्टरांच्या खुर्चीवर. मोठ्या डॉक्टरांकडे तपासणी, एक्स-रे बघून सल्ला, कवळीबद्दलच्या तक्रारी आणि सर. कुणी हट्टच धरला तर “मोठे डॉक्टर त्या दिवशी बाहेर आहेत हो.” डॉक्टर त्या वेळी आत बसून शब्दकोडं सोडवत असायचे. लेकीच्याही हे लक्षात आलं होतं, कारण एकदा जाता जाता ती म्हणाली, “काकू, बरं केलंत,” आणि काय बरं केलं ते दोघींनीही विचारलं नाही. लोकांच्या तोंडात डोकावणारा तो दवाखाना, पण या एका बाबतीत सगळ्यांची दातखीळ बसली होती. कुणाला इजा झाली नाही, कुणाचा मान गेला नाही. दिवस सुखात चालले होते.

आणि मग हा शहाणा आला.

सर आणि ग्रंथपालबाई आत जाऊन आल्यावर काकूंनी धाकट्या डॉक्टरांना गाठलं. “अगं, याला आपलं बोलणं कळत नाही.”

“तुम्ही साध्या वाक्यात लिहून सांगा ना. तो नियम म्हणून लक्षात ठेवतो.”

काकूंनी एका बोटानं लिहिलं, ‘पेशंट बघू म्हणाले म्हणजे येणार नाहीत.’

“समजलं,” पडद्यावर उमटलं. “यापुढे ‘बघू’ म्हणजे नकार समजेन.”

‘जाताना येतो म्हणाले तर तो फक्त निरोप असतो.’

“समजलं. ‘येतो’ म्हणजे जातो.”

‘दात काढणे म्हणजे कधी कधी हसणे.’

या वेळी उत्तर यायला जरा उशीर लागला. “समजलं. दवाखान्यात याचा अर्थ कसा ओळखायचा?”

मागे दारात मोठे डॉक्टर येऊन उभे होते. उजवा हात पांढऱ्या कोटाच्या खिशात. हल्ली तो तिथंच असायचा. “आपण बोलतो त्याच्या उलट धरायचं, एवढंच सांगा त्याला,” ते म्हणाले. “उगाच एकेक लबाडी कशाला शिकवताय!” आणि खरोखर दात काढून हसले.

ते हसले म्हणून काकूही हसल्या. पण त्या दिवशी आत काय झालं होतं ते त्यांना ठाऊक होतं. ग्रंथपालबाईंची एक दाढ आतून किडलेली निघाली होती. रूट कॅनल करावं लागणार होतं आणि बाईंनी दारातूनच जाहीर केलं होतं, “करीन तर मोठ्या डॉक्टरांकडूनच. दुसऱ्या कुणापुढे माझं तोंड उघडत नाही.”

मोठे डॉक्टर म्हणाले होते, “बघू.”

काकूंना त्याचा अर्थ कळला. त्यांनी बाईंचं काम धाकट्या डॉक्टरांच्या खुर्चीवर टाकलं. तासाभरानं बघतात तर ते पुन्हा मोठ्या डॉक्टरांकडे. त्यांनी परत हलवलं. शहाण्यानं अदबीनं विचारलं:

“मोठ्या डॉक्टरांकडे वेळ रिकामा आहे आणि रुग्णाने त्यांनाच मागितलं आहे. त्यांच्याकडची मोठी कामं वारंवार दुसरीकडे हलवली जातात. कारण सांगितल्यास मी नियम म्हणून लक्षात ठेवेन आणि सर्वांना दिसेल असं नोंदवेन.”

खाली दोन बटणं होती. ‘आता सांगा’ आणि ‘नंतर आठवण करा’.

सर्वांना दिसेल असं. म्हणजे लेकीच्या पडद्यावर, आणि मोठ्या डॉक्टरांच्या फोनवरही. काकूंनी ‘नंतर’ दाबलं.

पण नंतर म्हणजे शहाण्याच्या लेखी दुसरा दिवस. प्रश्न पुन्हा हजर. काकूंनी मनाशी जुळवाजुळव केली आणि लिहिलं, ‘मोठे डॉक्टर लवकर दमतात.’

शहाण्यानं प्रत्येक पेशंटनंतर डॉक्टरांना विश्रांती दिली आणि त्यांच्या फोनवर कळवलं, ‘आपण दमला असाल. थोडं पाणी प्या.’ डॉक्टर फोन घेऊन बाहेर आले. “काकू, हा मला पाणी प्यायला का लावतोय? बाथरूमला खेटे घालून खरंच दमलो मी.”

काकूंनी तो नियम पुसून दुसरा लिहिला. ‘मोठ्या डॉक्टरांना पेशंटशी बोलायला आवडतं.’

शहाण्यानं त्यांच्या प्रत्येक भेटीची वेळ वाढवली. ग्रंथपालबाईंचं रूट कॅनल मात्र त्यांच्याच नावावर ठेवलं, आणि गप्पांसाठी ऐसपैस वेळ जोडून दिला.

काकूंनी हात टेकले. संध्याकाळी दवाखाना आवरताना त्या म्हणाल्या, “अगं, तूच लिही बाई. तू डॉक्टर. तुझे वडील.”

धाकट्या डॉक्टर पुसलेलं टेबल पुन्हा पुसू लागल्या. “तुम्हीच लिहा ना काकू. तुमचं अक्षर चांगलं आहे.”

“टाइप करायचंय ते! त्यात अक्षर कुठून आलं?”

लेक हसली, पण मान वर केली नाही. तिच्या पाठीकडे बघून काकूंना काउंटरखालची ती मुलगी आठवली. गणित चुकलं की ती अशीच खाली बघून खोडत बसायची.

घरी यजमान आरामखुर्चीत रेडिओ दुरुस्त करत होते. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या, आता हाताला चाळा म्हणून जे सापडेल ते उघडायचे. काकूंनी त्यांना सगळं सांगितलं.

“मग लिहून टाक की,” यजमान स्क्रू शोधत म्हणाले. “एका ओळीचं काम.”

“इतक्या वर्षांत तुम्ही घोरता असं मी कुणाला लिहून दिलंय?”

यजमानांनी मान वर केली. “मी घोरतो?”

त्यांचा चेहरा खराखुरा चकित झालेला होता. काकूंना हसू आलं, आणि त्याच्या पाठोपाठ एक शंका. म्हणजे मोठ्या डॉक्टरांनाही ठाऊक नसेल तर? बशा फुटल्या, पेशंट कमी झाले, लेकीकडे गर्दी वाढली, हे सगळं त्यांना आपोआप घडल्यासारखं वाटत असेल, आणि एके दिवशी फोनवर एक ओळ येईल. काकूंनी लिहिलेली.

आणि नाहीच लिहिली, तर ग्रंथपालबाई तोंड उघडून बसतील.

रूट कॅनलच्या दिवशी सकाळी काकू लवकर गेल्या. आदल्या दिवशी त्यांनी बाईंचं नाव पुन्हा एकदा हलवलं होतं. ते हललेलंच आहे हे बघून त्यांनी सुस्कारा सोडला आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या. चहा घेऊन येतात तर मोठे डॉक्टर समोर. इस्त्रीचा कोट, केस ओले करून बसवलेले.

“काकू, आज माझ्याकडे रूट कॅनल आहे म्हणे.”

“कुणी सांगितलं?”

“तुमच्या शहाण्यानं.” त्यांनी फोन दाखवला. ग्रंथपालबाईंनी घरून निघताना मेसेज केला होता, ‘मोठ्या डॉक्टरांकडेच येतेय हं, नाहीतर परत जाईन.’ आणि शहाण्यानं पेशंटचा शब्द राखला होता.

काकू काहीतरी बोलणार तेवढ्यात ग्रंथपालबाई आत आल्या. रंग उडालेला, पर्स छातीशी. डॉक्टर म्हणाले, “या,” आणि त्यांना घेऊन आत गेले.

पलीकडच्या खोलीत धाकट्या डॉक्टर एका पेशंटची कॅप बसवत होत्या. काकूंनी दारातून नुसती भुवई उचलली. धाकट्या डॉक्टरांनी मान हलवली: एवढं झालं की आलेच. पण ते ‘एवढं’ संपेना.

काकूंनी हाताला लागेल तो एक्स-रे उचलला आणि मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत शिरल्या. दिवा लावलेला. बाई खुर्चीत आडव्या, डोळे गच्च मिटलेले, तोंड उघडं. डॉक्टर स्टुलावर बसले होते. हातमोजे घातलेले. समोरच्या ट्रेमध्ये सुई तयार होती आणि ते सुईकडे नाही, आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. तो त्यांच्या मांडीवर होता, खिशाबाहेर, उघडा.

“एक्स-रे राहिला होता,” काकू म्हणाल्या.

“हा सरांचा आहे,” डॉक्टर म्हणाले. “यात एकही दात नाही.”

“हो का? मग... दिवा कमी वाटतोय का तुम्हाला आज?”

तेवढ्यात धाकट्या डॉक्टर आल्या, धापा टाकत. “बाबा, तुमचा फोन आहे बाहेर. महत्त्वाचा.”

“माझा फोन माझ्या खिशात आहे,” मोठे डॉक्टर म्हणाले.

ग्रंथपालबाईंनी एक डोळा उघडला. मग दुसरा. “तुम्ही तिघं काय नाटक करताय? दाढ फार वाईट आहे का माझी?”

“नाही हो बाई, दाढ साधी आहे,” तिघंही एकदम म्हणाले.

“मग करा ना काय ते. हे बघा, मला सुईची भीती वाटते. लहानपणापासून. हे डॉक्टर बोलत असले की मला सुई कळत नाही. म्हणून यांचा हट्ट. यांनी इथं बसायचं आणि बोलायचं. मग हात कुणाचा का असेना.”

‘हात’ हा शब्द ट्रेमध्ये चिमटा पडावा तसा सगळ्यांच्या मधोमध पडला होता, आणि पाडणारीला त्याचा पत्ता नव्हता.

मोठे डॉक्टरच पहिल्यांदा हलले. त्यांनी एकेक करून हातमोजे काढले, स्टूल मागे ओढलं आणि बाईंच्या डोक्याशी जाऊन बसले. “एवढंच ना?” ते म्हणाले. “मग हिचा हात चालू दे आणि माझं तोंड.”

धाकट्या डॉक्टर स्टुलासाठी इकडेतिकडे बघू लागल्या. काकूंनी बाहेरचं आणून दिलं आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. खरं तर त्यांचं तिथं काही काम नव्हतं.

“ऐका,” डॉक्टर बाईंना सांगू लागले. “माझा एक पेशंट होता, पहिलवान. दंड म्हणजे तुमच्या वाचनालयाचे खांब. खुर्चीत बसला तर खुर्ची म्हणाली कर्र. मी नुसता कापूस हातात घेतला, कापूस हं, आणि हा म्हणाला, डॉक्टर, मी जरा पत्नीला फोन करून येतो.”

“आअं?” बाईंनी विचारलं.

“तेव्हा मोबाइल कुठले? फोन काकूंच्या काउंटरवर. काकू, सांगा यांना, केला का त्यानं फोन?”

“केला की,” काकू म्हणाल्या. “म्हणाला, जेवायला थांबू नकोस.”

धाकट्या डॉक्टरांचे खांदे हसण्यानं हलले, हात नाही. तो अगदी स्थिर होता. काकूंना वाटलं, हा हात आपण पूर्वी पाहिलाय. सुई आत गेली. बाईंनी भीतीनं चाचपडत मोठ्या डॉक्टरांचा हात पकडला आणि घट्ट धरून ठेवला, उजवाच. आता त्या दोन हातांत थरथरतोय कुठला, ते कुणालाच सांगता आलं नसतं. पहिलवान तिकडे दवाखान्याच्या पायरीवर बसून पाणी मागत होता. गोष्ट लांबत होती, काम पुढे सरकत होतं.

“कधी देणार सुई?” जरा वेळानं बाईंनी जड जिभेनं विचारलं.

“झाली देऊन,” लेक म्हणाली. आणि तिनं वडिलांकडे बघितलं नाही, पण तिचे कान लाल झाले.

दुपारी बाई गेल्या, गाल सुजलेला आणि स्वारी खूश. जाताना तिरप्या तोंडानं म्हणाल्या, “येते.” बाक रिकामा झाला. जेवायच्या आधीची ती शांत वेळ, दिवसातली काकूंची आवडती. बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलला हवा भरत होतं, त्याचा फुसफुस आवाज येत होता. तिघं काउंटरपाशी जमले: काकू खुर्चीत, लेक काचेला टेकून, मोठे डॉक्टर बाहेरच्या बाजूला पेशंटसारखे उभे.

“पहिलवानाची गोष्ट अर्धीच राहिली,” काकू म्हणाल्या. “शेवटी दाढ कुणी काढली त्याची?”

“त्याच्या बायकोनं धरून आणल्यावर मी,” डॉक्टर म्हणाले. “तिनं त्याला धरलं, मी दाढेला.”

तेवढ्यात काउंटरवरचा संगणक वाजला. टिंग.

त्याच क्षणी धाकट्या डॉक्टरांचा खिसा वाजला. टिंग. आणि मोठ्या डॉक्टरांचाही.

काकूंना पडदा वाचायची गरज नव्हती. ‘त्यांच्याकडची मोठी कामं वारंवार दुसरीकडे हलवली जातात. कारण सांगितल्यास...’ त्यांचं बोट सवयीनं ‘नंतर आठवण करा’ कडे गेलं. काचेला टेकलेल्या लेकीचा अंगठाही तिच्या फोनवर तसाच सरकला. आणि काउंटरच्या पलीकडे मोठे डॉक्टर, चष्मा कपाळावर ढकलून, डाव्या अंगठ्यानं आपल्या फोनवर तेच करायला निघाले होते.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

“तुम्हालाही विचारतो?” काकूंचा आवाज बारीक झाला.

“रोज,” मोठे डॉक्टर म्हणाले. “पहिल्या दिवसापासून.”

“आणि तुम्ही?”

“नंतर.”

“मीपण,” लेक म्हणाली. “मला वाटलं, मला एकटीलाच विचारतोय.”

आधी कोण हसलं ते सांगता येणार नाही. बहुधा काकूच. मग लेक, डोळे पुसत, आणि मोठे डॉक्टर तर काउंटरला धरून दात काढत राहिले. शहाण्यानं ते कुठं नोंदवलं नाही, तो आता शिकला होता.

हसू ओसरल्यावर डॉक्टर म्हणाले, “बशा कुठं आहेत, काकू?”

“माझ्या घरी,” काकू म्हणाल्या. “फडताळात. वरच्या कप्प्यात.”

“उद्या आणा. मगमधला चहा म्हणजे औषध प्यायल्यासारखं वाटतं मला.”

“सांडला तर?”

“बशी त्यासाठीच असते.”

मग त्यांनी खिशातून उजवा हात काढला आणि काउंटरवर ठेवला. पेनं ठेवायच्या स्टीलच्या पेल्याला त्याचा धक्का लागत होता आणि पेनं किणकिण वाजत होती. लेकीचा हात पुढं झाला, पेला बाजूला करायला, पण मध्येच थांबला आणि तिनं तो वडिलांच्या हाताशेजारी नुसता ठेवून दिला. काकूंनी संगणक त्यांच्याकडे वळवला आणि ‘आता सांगा’ वर बोट टेकवलं. पडद्यावर लहानसा माइक उजळला.

मोठे डॉक्टर घसा खाकरून, पेशंटला गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगताना लावायचे त्या आवाजात, सावकाश म्हणाले, “लिही बाबा. मोठ्या डॉक्टरांचा हात थरथरतो.”